पाऊणकीतले बारा बाइट: नौपाड्यातल्या एका ट्रंकेचं प्रकरण

कॅसेटची फीत एका जागी चुरगळली होती. जेमतेम तीन मिलिमीटर. गाण्याच्या कॅसेटवर एवढी सुरकुती पडली असती तर क्षणभर आवाज दबला असता आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही आलं नसतं. पण या फितीवर गाणं नव्हतं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, आणि झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक तेवढ्या फितीवर सरासरी १,५०० बिट, म्हणजे शून्य किंवा एक, लिहितो. म्हणजे मिलिमीटरमागे सुमारे ३१ बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जवळजवळ चार बाइट. तीन मिलिमीटरमध्ये बारा. त्या बारा बाइटांत 'पाऊणकी', म्हणजे पाऊणचा पाढा, या शब्दातला अर्ध्याहून जास्त ऊ आणि अर्ध्याहून जास्त ण होता.

ते बारा बाइट परत मिळाले, पण फितीतून नाही. एका ग्राफच्या वहीतून, शिरोरेखेच्या मदतीने आणि कॅसेटवरच बोललेल्या एका वाक्यामुळे मिळाले. हे सगळं सविस्तर लिहून ठेवण्याचं कारण एकच. जुना संगणक घरात सापडला की लोक मशीन जपतात, थोडे जास्त जागरूक असतील तर कॅसेटही जपतात, आणि वह्या, चिठ्ठ्या, छापील पट्ट्या रद्दीत जातात. या प्रकरणात वही रद्दीत गेली असती तर फाइल कायमची अर्धवट राहिली असती.

ट्रंक

ठाण्याच्या नौपाड्यातली एक जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आणि तिथल्या बिऱ्हाडांना जागा रिकामी करायला दोन महिने मिळाले. दुसऱ्या मजल्यावर राहणारे काका निवृत्त गणित शिक्षक, वय ८१. त्यांच्या मुलीने, ताईने, पोटमाळा रिकामा करायला घेतला तेव्हा एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत रबरी कळांचा स्पेक्ट्रम, त्याचा ॲडॉप्टर, खोक्यासारखा टेपरेकॉर्डर, १९ कॅसेट, चार वह्या, तीन सव्वापाच इंची फ्लॉपी आणि मशीनबरोबर आलेलं पुस्तक. पूर्वी हे कुटुंब याच इमारतीत तळमजल्यावर राहायचं. २६ जुलै २००५ ला त्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं होतं. तेव्हाही ट्रंक माळ्यावर होती, म्हणून वाचली.

स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. झेड-८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ वेग, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला साधी कॅसेट. काकांच्या भावाने १९८४ मध्ये तो इंग्लंडहून आणला. त्याच सुमाराला भारत सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पातून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोहोचू लागले होते. काकांची शाळा त्या यादीत नव्हती. मग घरच्या मशीनवर, रात्री टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की, त्यांनी स्वतःच शिकायला सुरुवात केली. शाळेतल्या मुलांना रविवारी घरी बोलावून ते पाढे घ्यायचे. साधे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे.

हे पाढे आज पाठ असणारी माणसं बहुतेक सत्तरीच्या पुढची. त्यांच्याबरोबर अपूर्णांक लिहायची जुनी रीतही मागे पडली. सव्वापाच म्हणजे ५।, साडेपाच म्हणजे ५॥, पावणेसहा म्हणजे ५॥।. काकांच्या प्रोग्रॅममध्ये उत्तरं याच रीतीने यायची. पडद्यावर देवनागरी आकडे, त्यापुढे उभ्या रेघा. इंग्रजी अक्षरांपलीकडे काही न जाणणाऱ्या मशीनवर हे कसं केलं असेल, या एका प्रश्नापायी मी या कामात पडलो. ताई माझ्या थोरल्या बहिणीची शाळेतली मैत्रीण. मी जुन्या फिती आणि फ्लॉप्या वाचून देतो हे तिला माहीत होतं.

मी येण्याआधी

ताईने आधी एक वाट करून पाहिली होती. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या एका ठिकाणी तिने दोन कॅसेट दिल्या. तिथे गाणी, भाषणं, लग्ना-मुंजीच्या फिती येतात. त्यांनी सवयीने तेच केलं जे गाण्याला करतात: खरखर काढली, आवाजाची पातळी सारखी केली, शांत जागा कापल्या आणि एमपीथ्री करून दिली. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक नोंदीआधी एक लांब, एकसुरी शीळ असते. नोंदीच्या मथळ्याआधी सुमारे पाच सेकंद, माहितीआधी सुमारे दोन सेकंद. मशीन या शिळेवरून सावध होतं. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ती शीळ म्हणजे दोष वाटली आणि त्याने ती पुसली. शिवाय दोन नोंदींमधल्या 'शांत' जागाही गेल्या, आणि तिथे काय होतं ते पुढे येईलच.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर असं काम कधी आलंच नव्हतं. मूळ कॅसेट धडधाकट परत आल्या हे महत्त्वाचं. पण त्यावरून मी ताईला पहिली गोष्ट सांगितली ती ही: आता पुढचे पंधरा दिवस एकही कॅसेट कुठल्याही टेपरेकॉर्डरमध्ये घालायची नाही, आणि मशीन प्लगला लावायचं नाही. चाळीस वर्षं पडून असलेल्या ॲडॉप्टरचा विजेचा दाब मोजल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरच्या उलट. घरात सापडला तो ॲडॉप्टर लावून बघू, या उत्साहात मशीन जळण्याची शक्यता बरीच. आणि या कामाला मशीन चालू होण्याची गरजही नव्हती.

आधी कागद

पंधरा दिवस कागदांना दिले. ताईला हे विचित्र वाटलं. "कागद कुठे पळून जातायत? कॅसेट खराब होतील ना आधी?" कॅसेट चाळीस वर्षं टिकल्या होत्या, आणखी पंधरा दिवस टिकल्या असत्या. घर रिकामं होताना सगळ्यात आधी हरवतो तो कागद. कुठली चिठ्ठी कुठल्या कॅसेटच्या डबीत होती, ही माहिती तर एकदा डबी उघडून चिठ्ठी बाजूला ठेवली की संपलीच.

म्हणून प्रत्येक कॅसेटचे फोटो आधी: बंद डबी, उघडी डबी, दोन्ही बाजू, आतली पट्टी, चिठ्ठी असेल तर तिच्या दोन्ही बाजू. मग कॅसेटला क्रमांक. क्रमांक कॅसेटवर चिकटवला नाही, नव्या डबीवर लिहिला. चिकटपट्टीचा गोंद आपल्या दमट हवेत दहा वर्षांत पाझरतो.

वह्या चार. पहिल्या दोन प्रोग्रॅमच्या, हाताने उतरवलेल्या. तिसरी ग्राफची. चौथीत प्रोग्रॅमबरोबर सोसायटीचा हिशेब, कोणाकडून किती वर्गणी येणं, अशा नोंदी. चौथी वही पूर्ण स्कॅन केली, पण ती पानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ती कुणालाही द्यायची नाहीत असं काकांशी ठरवलं. चाळीस वर्षांपूर्वी कोणाची वर्गणी थकली होती हे आज जगाला कळण्याचं कारण नाही. छापील पुस्तक स्कॅन केलं नाही. ते इंटरनेटवर स्वच्छ प्रतीत मिळतं. पण त्याच्या समासात काकांनी पेन्सिलने जे लिहिलं होतं ते जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून टिपणं असलेली पानं तेवढी घेतली.

स्कॅन रंगीत, साध्या पानांना ३०० डीपीआय, ग्राफच्या वहीला ६००. फोनवरची स्कॅन करणारी ॲप पान 'स्वच्छ' करतात, म्हणजे काळं-पांढरं करतात. तसं केलं असतं तर एक मोठा पुरावा गेला असता, कारण काका पहिलं पेन्सिलने लिहायचे आणि दुरुस्ती निळ्या शाईने करायचे. पेन्सिल आणि शाई यांतला फरक म्हणजे पहिली आणि दुसरी आवृत्ती.

ग्राफच्या वहीत मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पानापानावर आठ गुणिले आठ घरांचे चौरस. प्रत्येकात एक अक्षर, घरं पेन्सिलने रंगवून काढलेलं. प्रत्येक ओळीपुढे त्या ओळीची बेरीज: डावीकडचं पहिलं घर १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २, १. रंगवलेल्या घरांची बेरीज हा त्या ओळीचा बाइट. आठ ओळी, आठ बाइट, एक अक्षर.

स्पेक्ट्रम अशी स्वतः काढलेली अक्षरं घेतो, पण फक्त २१. आकडे दहा, रेघांची चिन्हं तीन, म्हणजे तेराची बेगमी आधीच. पाच पाढ्यांच्या नावांना लागतात प, ा, व, क, ी, न, ि, म, ऊ, ण, स, य, द, ड ही चौदा. 'बरोबर' आणि 'चूक' लिहायला ब, र, ो आणि चू. ऊकार अक्षराच्या खाली येतो, तो वेगळ्या घरात मांडता येत नाही, म्हणून चू अख्खा एका चौरसात बसवलेला. एकूण ३१. एकवीसमध्ये एकतीस कसे बसणार?

काकांनी दोन संच केले. आकडे नेहमीच्या जागी, मशीनच्या स्मृतीतल्या ६५३६८ या पत्त्यावर. अक्षरं त्याच्या बरोबर आधी, ६५२०० वर. अक्षरं कुठे आहेत हे मशीन २३६७५ आणि २३६७६ या दोन पत्त्यांवर लिहून ठेवतं. आकडा छापायच्या आधी तिथे ८८ आणि २५५ घालायचे, शब्द छापायच्या आधी १७६ आणि २५४. एका ओळीत चार वेळा हे अदलाबदल करून 'पाऊणकी' या मथळ्याखाली ७ आणि ५। उमटायचे. प्रोग्रॅममध्ये या ओळींच्या आधी शेरा होता, रोमन लिपीतला मराठी: हे बदलू नका. गणिताचा एक शिक्षक, कुणी शिकवणारं नसताना, रात्री बसून हे शोधून काढतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यातून एक गोष्ट उघड होते. नुसता प्रोग्रॅम वाचला आणि ही ३३६ बाइटांची अक्षरं वाचली नाहीत, तर पडद्यावर मराठी येणारच नाही. फाइल 'मिळाली' असं आपण म्हणू आणि प्रत्यक्षात तिच्यातला मजकूर मिळालेला नसेल.

फीत

१९ पैकी सहा कॅसेट विकतच्या खेळांच्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या. ते खेळ जगभरात जतन झालेले आहेत आणि त्यांचे हक्कही काकांचे नाहीत. उरल्या तेरा. त्यातल्या एका कॅसेटमध्ये फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. ती डेकमध्ये घातलीच नाही. बुरशीची फीत एकदा वाजवली की हेडवर आणि रबरी चाकावर लागलेले कण पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात.

तीन कॅसेटमध्ये फितीला हेडवर दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी गळून पडली होती. गोंद वाळला की ती पडते, हा जुन्या कॅसेटचा नेहमीचा आजार. स्क्रूच्या कॅसेटमधली गादी बदलली. एका कॅसेटला स्क्रू नव्हते, कवच वितळवून जोडलेलं. ते कापून फीत दुसऱ्या कवचात बसवली.

डेक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना, नवे बेल्ट घातलेला. डॉल्बी, म्हणजे खरखर दाबणारी सोय, बंद. हेड स्पिरिटने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं. आणि प्रत्येक बाजू वाजवण्याआधी हेडचा तिरकेपणा जुळवला. हे कुणी करत नाही, आणि निम्म्या कॅसेट 'खराब' ठरतात त्या याच कारणाने. काकांचा टेपरेकॉर्डर साधा होता, त्याचं हेड किंचित कललेलं असणार. त्या कलत्या हेडने लिहिलेलं सरळ हेडने वाचलं की बारीक स्वर बोथट होतात आणि बिट एकमेकांत मिसळतात. हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा फिरवत, शीळ सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथे थांबायचं. मूळ जागा विसरू नये म्हणून स्क्रूवर आधी नेलपॉलिशचा ठिपका दिला.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. मूळ नोंद मोनो असली तरी स्टिरिओ घ्यावं. फितीची एक कड झिजलेली असते तेव्हा दुसरी वाहिनी कामाला येते. ३० मिनिटांच्या एका बाजूला सुमारे ५१८ एमबी. तेव्हाच्या अख्ख्या मशीनची स्मृती ४८ केबी होती हे मनात आलं की हा आकडा अवाढव्य वाटतो, पण इथे काटकसर करायची नाही. मूळ ध्वनी अबाधित असेल तर वाचण्याचा प्रयत्न दहा वर्षांनी पुन्हा करता येतो.

पूर्ण बाजू एका दमात, न कापता. आणि कॅसेटच्या 'शांत' जागांत काका बोललेले निघाले. प्रत्येक प्रोग्रॅम सेव्ह करण्याआधी ते मायक्रोफोन लावून सांगायचे: "निमकी. काउंटर एकशे दहा." "सवायकी, चूक सुधारली." कधी मागे ताईचा लहानपणचा आवाज, कधी बाहेर पाऊस. स्पेक्ट्रमच्या फाइली साठवायचं टॅप नावाचं प्रचलित स्वरूप आहे. त्यात फक्त बाइट जातात, मधलं बोलणं नाही. म्हणून मी दोन्ही ठेवतो. टॅप एम्युलेटरसाठी, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, आणि अख्खा ध्वनी दस्तऐवज म्हणून.

बारा बाइट

फ्यूज या एम्युलेटरच्या सोबतच्या साधनांनी बहुतेक नोंदी सरळ वाचल्या. सातव्या कॅसेटच्या पहिल्या बाजूवरची अक्षरांची नोंद मात्र मध्येच तुटली. अर्धवट नोंद एम्युलेटरमध्ये चढवून प्रोग्रॅम पुढे ढकलला तेव्हा 'पावकी' आणि 'निमकी' ठसठशीत उमटले. 'पाऊणकी'त पा आला, ऊ च्या वरच्या दोन ओळी आल्या, मग एक रिकामं घर आणि की. आकड्यांच्या जागी इंग्रजी कॅपिटल अक्षरं.

नोंदीचा मथळा शाबूत होता. त्यात लिहिलेलं: सुरुवात ६५२००, लांबी ३३६. आता ध्वनीची लहर मोठी करून हाताने वाचायची. स्पेक्ट्रमच्या फितीवर शून्य म्हणजे एक आखूड लहर आणि एक म्हणजे तिच्या दुप्पट लांब लहर. आमच्या मुद्रणात सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने, त्यात आखूड लहर २३-२४ नमुन्यांची, लांब ४७ नमुन्यांची. सुरकुतीपर्यंत सगळं स्पष्ट. सुरकुतीत लहर कोलमडलेली. पुढे पुन्हा स्पष्ट, पण कुठल्या बिटापासून कुठला बाइट सुरू होतो याचा पत्ता नाही. एक बिट इकडेतिकडे झाला की पुढचे सगळे बाइट चुकतात.

इथे शिरोरेखा मदतीला आली. काकांनी मात्रा आणि वेलांट्यांना जागा राहावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेखा तिसऱ्या ओळीत काढली होती, आणि शेजारच्या अक्षराला जुळावी म्हणून कडेपासून कडेपर्यंत. आठही घरं भरलेली ओळ म्हणजे २५५. म्हणजे योग्य ठिकाणापासून बाइट पाडले तर दर आठवा बाइट २५५ यायलाच हवा. आठ शक्यता होत्या. एकीत स, य, द, ड, ब, र, ो, चू या आठही अक्षरांत ठरलेल्या जागी २५५ आला. नोंदीच्या शेवटापासून उलटं मोजलं, तेही जुळलं. गहाळ बाइट बरोबर बारा: ऊ च्या तिसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत सहा, आणि ण च्या पहिल्या सहा ओळी.

त्यातले चार न पाहताच सांगता येत होते. दोन शिरोरेखा २५५. ण ला वर मात्रा नाही, म्हणून त्याच्या पहिल्या दोन ओळी शून्य. उरले आठ. ऊ चे पाच, ण चे तीन.

वहीत ऊ चा चौरस स्वच्छ होता, पाच बेरजा तशाच घेतल्या. ण च्या पानाचा कोपरा कसरीने खाल्लेला, पण घरं दिसत होती आणि निम्म्या बेरजाही वाचता येत होत्या. चौथी, पाचवी, सहावी ओळ: डावी दांडी ६४, मधली ४, उजवी २. प्रत्येकी ७०.

स्पेक्ट्रमच्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. आधीचे सगळे बाइट स्तंभवार तपासून, प्रत्येक स्तंभात 'एक' सम आहेत की विषम, एवढंच तो सांगतो. भरलेले बारा बाइट धरून हिशेब केला. जुळला नाही. फरक १२ आला, म्हणजे ८ आणि ४ हे दोन स्तंभ चुकत होते.

मी तीन दिवस ऊ मध्ये चूक शोधत होतो, कारण ण चं पान वाचता येत होतं आणि मला त्याची खात्री होती. चौथ्या दिवशी ताईने सातव्या कॅसेटचा पूर्ण ध्वनी कानाला लावला, नोंदींसाठी नव्हे, वडिलांचा तरुणपणचा आवाज ऐकायला. तिनेच फोन केला. "अरे, त्या तुझ्या नोंदीच्या आधी बाबा म्हणतात, अक्षरं, दुसऱ्यांदा. ण ची मधली दांडी एक घर डावीकडे घेतली."

४ च्या घरातली दांडी डावीकडे सरकली की ८ च्या घरात जाते. ७० चे ७४ होतात. प्रत्येक ओळीत बदल ८ आणि ४ याच दोन स्तंभांत, आणि ओळी तीन, म्हणजे विषम. फरक बरोबर १२. पडताळणी जुळली. मग मला माझीच ढिलाई दिसली: ण ची सातवी ओळ फितीवर शाबूत होती, ती ५० वाचली गेली होती, आणि वहीत ती ५८ होती. खालचा वाक नव्या दांडीपाशी आधीच संपत होता. पुरावा समोर होता आणि मी वहीशी ताडून पाहिला नव्हता.

काकांना विचारलं तेव्हा त्यांना कारण लगेच आठवलं. मधली आणि उजवी दांडी शेजारशेजारच्या घरांत होत्या. वहीत छान दिसायचं, टीव्हीवर दोन्ही मिळून एक जाड ठिपका व्हायचा. मुलं 'पाऊलकी' वाचायची.

या पडताळणीवर फार विसंबू नये, हेही सांगायला हवं. सुरकुतीत ण च्या तीनऐवजी दोनच ओळी गेल्या असत्या, तर दोन चुकांनी एकमेकींना झाकलं असतं, हिशेब पहिल्याच फेरीत जुळला असता आणि मी चुकीचा ण कायमचा ठेवून दिला असता. म्हणून 'पडताळणी जुळली' हा शेवटचा शब्द मी मानला नाही. फाइलीच्या माहितीत लिहिलं: बारा बाइट फितीतून नाहीत, वही आणि बोललेल्या टिपणावरून भरले आहेत. कुठले बारा, तेही. तुटलेली मूळ नोंद तुटलेलीच वेगळी ठेवली.

स्वतंत्र पुरावा महिन्याभराने मिळाला. छापील पुस्तकाच्या मागच्या कव्हरमध्ये खुणेसाठी दुमडलेली चंदेरी कागदाची चार इंची पट्टी होती. सिंक्लेअरचा छोटा प्रिंटर असा कागद वापरायचा. काळ्या कागदावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, ठिणगीने तो जाळला की खालचा काळा दिसतो. काकांनी एका ओळखीच्याकडे तो प्रिंटर मागून आणून पडद्याची प्रत काढली होती. स्कॅनरमध्ये ती नुसती चमकली. खिडकीपाशी ठेवून, बाजूने प्रकाश घेऊन फोटो काढला तेव्हा ठिपके मोजता आले. बोट लावलं नाही, त्या थरावर घामाचा डाग कायमचा राहतो. वर 'पाऊणकी', खाली ७ आणि ५।. ऊ च्या आणि ण च्या सोळा ओळी ठिपक्याला ठिपका जुळल्या.

उरलेलं

बाकीचं थोडक्यात. बारा कॅसेटमधल्या दोन नोंदी सोडून सगळ्या वाचल्या. त्या दोन नोंदींवर नंतर गाणी मुद्रित केलेली आहेत, मूळ परत येणार नाहीत. फ्लॉप्यांपैकी दोन ३६० केबीच्या. जुना ड्राइव्ह ग्रीझवीझल या छोट्या बोर्डाला जोडून त्यांचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे उतरवले. त्यांवरची ताईची कॉलेजच्या काळातली मराठी पत्रं आज उघडली की अनाकलनीय चिन्हं दिसतात, कारण त्या काळी प्रत्येक फाँट मराठी अक्षर आपल्या मनाला येईल त्या क्रमांकावर बसवायचा. आजार तोच, काकांच्या २१ अक्षरांचा. फाँटची फाइल त्याच फ्लॉपीवर होती, म्हणून पत्रं वाचता आली. फाँट आणि पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत आणि युनिकोडमध्ये उतरवलेली प्रत शेजारी. तिसऱ्या फ्लॉपीला अजून हात लावलेला नाही.

प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक मराठी फाइल आहे: हे काय आहे, कुठल्या कॅसेटच्या कुठल्या बाजूवरून, वहीचं कुठलं पान, कुणाच्या परवानगीने. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीत एक बिट जरी बदलला तरी बदलणारा आकडा. तीन प्रती, एक ताईकडे, एक माझ्याकडे, एक काकांच्या पुतण्याकडे नाशिकला. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला, ठसे पुन्हा ताडून पाहायचे असं आम्ही ठरवलं आहे. बुरशीची कॅसेट सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात आहे. ठाण्याची हवा दिवाळीनंतर कोरडी होते, ती तेव्हा उघडू.

घर रिकामं करायच्या आदल्या आठवड्यात काकांना लॅपटॉपवर प्रोग्रॅम दाखवला. पाऊणकी आली, सात विचारलं, ५। उमटलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ण अजून नीट नाही. खालचा वाक एक ओळ वर हवा होता." ताईने ग्राफचा कागद शोधून दिला. त्यांनी पेन्सिलने चौरस काढला, घरं भरली, आठ बेरजा मांडल्या. तो कागद आम्ही तारीख घालून त्याच दिवशी स्कॅन केला आणि दुसऱ्या आवृत्तीला हात न लावता तिसरी वेगळी ठेवली. तिच्या आधी जोडायला ताईने फोनवर त्यांचा आवाज घेतला: "अक्षरं, तिसऱ्यांदा. ण चा वाक एक ओळ वर."